सांतोक्कींच्या घरची किल्ली

इटलीतल्या आमच्या बेवान्यात नदीकडच्या वेशीला लागून एक लहानसं चर्च आहे. त्याची किल्ली डेल्फिना सांतोक्कीच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला टांगलेली असे. दारावर वर्षानुवर्षं एकच चिठ्ठी होती, ‘किल्लीसाठी समोरची घंटा वाजवा.’ घंटा वाजली की डेल्फिना गॅस बारीक करायची, एप्रन काढायची, केसांवरून हात फिरवायची आणि जिना उतरून खाली यायची. यात अडतीस वर्षं गेली. लग्न का नाही केलं, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "सारखी घंटा वाजायची, वेळ कुठे मिळाला?"

चर्चमध्ये पाहण्यासारखं एकच. डाव्या भिंतीवर, लाकडी कठड्याच्या पलीकडे, मरियामातेचं जुनं चित्र. मांडीवर बाळ, डोक्यावर निळा पदर, चेहरा किंचित उजवीकडे वळलेला. नाक लांब आणि मधे जरासं उचललेलं. डेल्फिना पाहुण्यांना कठड्यापाशी उभं करायची, बॅटरीचा उजेड टाकायची आणि ठरलेली गोष्ट ठरलेल्या शब्दांत सांगायची. पाचशे वर्षांपूर्वी एक फिरता चितारी थंडीचे दिवस काढायला एका दोर वळणाऱ्याच्या घरी राहिला. त्या घरातल्या लवीनिया नावाच्या मुलीचा चेहरा त्यानं मरियामातेला दिला. तो दोर वळणारा म्हणजे आमचा मूळपुरुष. पुरावा पाहिजे? गालावरचे ठिपके बघा, लवीनियाला देवी आल्या होत्या त्याचे वण. आणि हे नाक बघा. इथे डेल्फिना बॅटरी स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवायची आणि बाजूला मान करायची. पाहुणे हसायचे, माना डोलवायचे आणि पाच मिनिटांत बाहेर पडायचे.

पाहुण्यांना ती गंमत वाटायची, डेल्फिनाला ती गंमत नव्हती. शाळेत पोरं तिला ‘चोच’ म्हणायची. सात वर्षांची असताना एकदा ती रडत घरी आली, तेव्हा आई तिला हाताला धरून समोर घेऊन गेली, चित्रासमोर उभं केलं आणि म्हणाली, "तुझ्या नाकापुढे सगळं गाव गुडघे टेकतं. आता डोळे पूस." त्या दिवसापासून डेल्फिना मान वर करून चालायला लागली ती आजतागायत. माणसाला उभं राहायला काहीतरी लागतं. कोणाला शेतजमीन लागते, कोणाला मुलगे. हिला एक भिंत पुरली.

त्या घरात एक नियम होता. किल्ली रक्ताच्या माणसाकडेच राहायची. तिचा धाकटा भाऊ उबाल्दो त्याच घरात राहायचा आणि त्याची बायको नोर्मा एक्केचाळीस वर्षांपूर्वी फोलिन्योहून लग्न होऊन आली होती. या बाईनं घरातली एकूण एक वस्तू हाताळली असेल, किल्ली सोडून. एका हिवाळ्यात डेल्फिना न्यूमोनियानं तीन आठवडे पडून होती, तेव्हा उबाल्दोनं कामावरून रजा काढली आणि किल्ली सांभाळत खुर्चीवर डुलक्या घेतल्या. सूप केलं नोर्मानं, औषधं दिली नोर्मानं. चर्चमध्ये ती कायम शेवटच्या बाकावर बसायची. नोर्मा भांडायची नाही. फक्त मीठ पुढे सरकवताना म्हणायची, "माझं काय बाई, मी बाहेरची."

या वसंतात नवे पाद्री, फादर एर्मान्नो, एक कागद घेऊन वर आले. चर्चच्या दाराबाहेर पितळी पाटी लावायची होती, जूनच्या सणाआधी. तीन ओळींची. पहिल्या ओळीत चर्चचं नाव, दुसरीत चित्रातला चेहरा कोणाचा, तिसरीत किल्ली कोणाकडे.

"दुसरी ओळ तुमची, डेल्फिनाबाई," फादर म्हणाले. "तुम्ही सांगाल ते कोरतो."

उबाल्दोची छाती फुगली. सांतोक्की हे नाव पितळेत कोरलं जाणार म्हणून त्यानं त्याच दिवशी कॉफीच्या दुकानात पाच जणांना सांगितलं. डेल्फिनाही खुशीत होती. लिहून द्यायला एक दिवस पुरला असता.

पण दुसऱ्याच दिवशी घंटा वाजली. तोरीनोहून आलेलं एक निवृत्त जोडपं होतं, लहान लहान जुनी गावं पाहत निवांत हिंडणारं, कुठे दोन दिवस, कुठे तीन. डेल्फिनाची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली. मग नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं खिशातून फोन काढला आणि म्हणाली, "बाई, रागावू नका हं. हीच आम्ही नार्नीत पाहिली. आणि अमेलियात. आणि त्याच्या आधी तुस्कानियात."

डेल्फिनानं फोनवर तीन फोटो पाहिले. मग ती शांतपणे म्हणाली, "एवढ्याशा काचेत सगळ्यांची नाकं सारखीच दिसतात." आणि दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात तिनं सूपमध्ये दोनदा मीठ घातलं. फादरना ‘उद्या सांगते’ म्हणून चार वेळा परत पाठवलं. पाचव्या दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं, "मी बघून येते."

उबाल्दोनं चमचा ठेवला. "काय बघून येतेस? अडतीस वर्षं सांगतेयस ना? तेच लिहायचं."

"तोंडानं सांगितलेलं वाऱ्यावर जातं. पितळेवर लिहिलेलं राहतं. आपल्या घराचं नाव घालायचं तर ते खरं असलं पाहिजे."

"आणि नसलं तर?"

नोर्मा ताटं उचलत म्हणाली, "मी पण येते. वन्सं, तुम्हाला बॅग उचलवत नाही. आणि परक्या माणसांशी तुमचं पाच मिनिटांच्या वर जमत नाही."

किल्ली उबाल्दोच्या हवाली करून नणंद-भावजय निघाल्या. दोन दिवसांत परतायचं ठरलं होतं. डेल्फिना सत्तरीला टेकली होती आणि किल्ली मागे ठेवून सलग दोन दिवस ती आजवर कधी गावाबाहेर राहिली नव्हती. फोलिन्योला आगगाडीत बसल्यावर तिचा हात तीनदा एप्रनची गाठ सोडायला गेला. अंगावर एप्रन नव्हता.

नार्नीला स्टेशन खाली आणि गाव वर. बसनं चढून गेल्यावर नोर्मानं आधी चौकात बसून कॉफी घेतली, मग चौकातल्या कारंज्याचं पाणी चाखून पाहिलं, मग एका दुकानात विनाकारण बटणं पाहिली. डेल्फिनाचा जीव वरखाली होत होता. शेवटी चर्च सापडलं. बंद. दारावर चिठ्ठी, ‘किल्ली सात नंबरच्या घरात.’ डेल्फिनानं सात नंबरची घंटा वाजवली आणि उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती घंटेच्या या बाजूला होती. आत कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, पाणी बंद झालं, सपाता फरफटत आल्या. त्याला किती वेळ लागतो हे तिला तोवर माहीत नव्हतं.

दार उघडलं ते एर्सिलिया नावाच्या गोल, बुटक्या बाईनं. चर्चमध्ये नेऊन तिनं दोघींना उभं केलं, बॅटरी लावली आणि सुरू झाली. शब्द वेगळे, चाल तीच. ही आमच्या गावच्या पाववाल्याची मुलगी, फियाम्मेत्ता. शत्रू वेशीवर आला तेव्हा रडली, ते अश्रूंचे डाग बघा गालावर. पाववाला म्हणजे आमच्याच घराण्यातला. "आणि नाक बघा," एर्सिलिया म्हणाली आणि अभिमानानं बाजूला वळली.

डेल्फिनानं पाहिलं. त्या नाकावर चष्मा कसा टिकत असेल असा प्रश्न पडावा, इतकं ते बसकं होतं. पण तिला हसू आलं नाही. अडतीस वर्षं आपण नेमकं असंच वळत होतो, हे तिला दिसलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर पडल्या पडल्या ती म्हणाली, "पाहिलंस? आपली उजवीकडे बघते. ही डावीकडे. दुसरीच आहे ही."

"झोपेत कूस बदलली असेल," नोर्मा म्हणाली.

"थट्टा करू नकोस. दुसरीच आहे. मी लगेच ओळखलं."

"मग परत जाऊ या का?"

चौकशी करायला निघालेल्या माणसाला अर्ध्यावर मिळालेलं समाधान पचत नाही. "आलोच आहोत तर अमेलिया बघून घेऊ," ती म्हणाली.

अमेलियाला त्या शनिवारी पोहोचल्या. रविवारी पुढची बस नव्हती, म्हणून ननांच्या मठात खोली घेतली आणि दोन दिवस राहिल्या. गावाभोवती प्रचंड दगडांचा कोट. नोर्मा त्या कोटाच्या कडेकडेनं सगळं गाव फिरून आली, भिंतीत राहणाऱ्या एका मांजरीशी ओळख करून घेतली, आणि ननांकडून चण्याच्या सूपची कृती लिहून घेतली. डेल्फिनाही नाही नाही म्हणता दगडी बाकावर बसून लोक बघायला लागली. तिच्या गावात लोक तिच्याकडे यायचे. इथे तिला कोणी ओळखत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं, आणि ते इतकं वाईट नव्हतं.

इथली किल्ली क्विंतो नावाच्या म्हाताऱ्याकडे होती. पूर्वी न्हावी होता, हात अजून स्थिर. त्यानं दार उघडलं आणि बॅटरीचा उजेड भिंतीवर टाकला. चेहरा उजवीकडे. पदराची कानाजवळची घडी तीच. बाळाच्या पायाखाली दुमडलेली करंगळी तीच. तिच्या घरासमोरची भिंत कोणीतरी उचलून इथे आणून ठेवली असावी असं तिला वाटलं.

"ही आमच्या गावच्या न्हाव्याची बायको," क्विंतो म्हणाला. "चितारी दाढी करायला यायचा, आणि ही गरम पाणी आणून द्यायची. तेवढ्यात त्यानं बघून घेतलं. गालावर ठिपके दिसतात ना? उन्हाचे आहेत. ती अंगणात कपडे वाळत घालायची."

"आणि न्हावी तुमच्या घराण्यातला," डेल्फिना म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"असंच वाटलं."

क्विंतोनं तिच्याकडे नीट पाहिलं. न्हाव्याची नजर ती, चेहरा पाहिल्याशिवाय राहत नाही. "ताई, तुम्ही मूळच्या इथल्या का हो? तुमचं नाक या भिंतीवरून उतरवून घेतल्यासारखं आहे. आमच्या घरात पण एवढं कुणाचं नाही."

जो पुरावा ती जन्मभर दाखवत आली, तो आज परक्या गावात परक्या गोष्टीच्या बाजूनं साक्ष देत होता. नोर्मानं हळूच तिचं कोपर धरलं. क्विंतोनं निघताना दोघींना बदाम भरलेली सुकी अंजिरं दिली आणि पुन्हा या म्हणाला. तो इतका चांगला वागला की डेल्फिनाला त्याचा रागही धड येईना.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. "घरी जाऊ या."

"तुस्कानिया राहिलं."

"काय राहिलंय बघायचं? झालं समाधान तुझं?"

"माझं कशाला? मी बाहेरची," नोर्मा म्हणाली. मग ती शेजारी बसली आणि एक अंजीर तिच्या हातावर ठेवलं. "वन्सं, लग्नाआधी मी सात वर्षं लोकांच्या चादरी-अभ्र्यांवर भरतकाम करून दिलं. अर्धा भरलेला अभ्रा मी कधी टाकला नाही. तिसरं गाव बघायचं आणि मग रडायचं असेल तर रडायचं."

दोन बस बदलून त्या तुस्कानियाला पोहोचल्या. चर्चच्या दारावर चिठ्ठी होती, पण शाई उडालेली. पत्त्यावरच्या घराच्या खिडक्या बंद. कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार रेमो म्हणाला, "अमेदेआबाई का? त्या जानेवारीत गेल्या. किल्ली माझ्याकडेच आहे, थांबा." त्यानं पोस्टाच्या तिकिटांचा खण उघडला आणि खालून एक मोठी किल्ली ओढून काढली. "तुम्हीच उघडा. मला दुकान सोडता येत नाही. जाताना परत द्या म्हणजे झालं."

डेल्फिना किल्लीकडे बघत राहिली. अनोळखी बायकांच्या हातात किल्ली. "त्या चित्राची काही गोष्ट सांगायच्या का अमेदेआबाई?"

"सांगायच्या की. फार छान सांगायच्या." रेमोनं डोकं खाजवलं. "कुणाची तरी मुलगी होती ती. कुंभाराची? की कोळ्याची? काहीतरी होतं बघा. लहानपणी दहा वेळा ऐकलंय. त्यांना विचारून घ्यायला हवं होतं."

चार महिन्यांच्या बंद हवेचा वास घेत दोघी आत गेल्या. इथे कठडा नव्हता आणि चित्र बरंच खाली होतं, हात लागेल इतकं. चेहरा डावीकडे वळलेला, नार्नीसारखा. डेल्फिना दाराशीच उभी राहिली. नोर्मा मात्र सरळ भिंतीपाशी गेली, चष्मा कपाळावर चढवला, नाक भिंतीला टेकेल इतकी वाकली आणि रेषेरेषेवरून नजर फिरवत गेली.

मग ती म्हणाली, "वन्सं, इकडे या. देवीचे वण असे रांगेत येतात का कधी?"

डेल्फिना गेली. ठिपके नुसते गालावर नव्हतेच. हनुवटीच्या कडेनं, पापणीच्या कडेनं, नाकाच्या रेषेवरून खाली, पदराच्या काठावर, एकामागोमाग एक, बारीक काळे ठिपके. मुंग्यांची रांग निघावी तसे.

"हे टोचलेल्या कागदाचं काम आहे," नोर्मा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, कामाला बसलेल्या बाईचा झाला होता. "पातळ कागदावर नक्षी काढायची. रेषेवरून सुईनं भोकं पाडायची. कापडावर कागद ठेवायचा आणि कोळशाची पूड बांधलेली पुरचुंडी वरून थोपटायची. भोकांतून पूड खाली उतरते, ठिपके उठतात. मग ठिपक्यांवरून भरायचं. मी असे हजारभर कागद टोचलेत. चिताऱ्यानं भिंतीवर केलं, एवढंच. चेहरा एकदाच काढला, आणि कागद गुंडाळून गावोगाव हिंडला."

"पण ही डावीकडे बघते."

"कागद उलटा ठेवला. जोडीच्या अभ्र्यांवर मोर समोरासमोर यायला हवेत ना, तेव्हा आम्ही तेच करायचो. एकच कागद, पालथा घालायचा."

डेल्फिनानं ठिपक्यांवर बोट धरलं, टेकवलं नाही. तिच्या हाती सुई कधी गेलीच नव्हती. लग्न ठरलं असतं तर चादरी भरल्या असत्या. मग एकदम तिला राग आला, आणि तो जवळ उभ्या असलेल्या माणसावर निघाला.

"म्हणजे तुला हे पहिल्यापासून माहीत होतं. एक्केचाळीस वर्षं माझी मजा बघत बसलीस."

नोर्मानं चष्मा खाली घेतला. "शेवटच्या बाकावरून ठिपके दिसतात होय, वन्सं? मला कठड्यापाशी कधी कुणी बोलावलं?"

तिनं हे ओरडून म्हटलं नाही. मीठ पुढे सरकवावं तसंच म्हटलं. पण या खेपेला डेल्फिनाला ते ऐकू आलं. ती बाकावर बसली. नियम कोणी केला होता तिला ठाऊक नव्हतं. वडिलांनी सांगितला, वडिलांना आजोबांनी. रक्ताचं नाक, रक्ताची किल्ली. आणि इथे तर रक्तच नव्हतं, कागद होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आत डोकावत होती. "उघडलं का शेवटी? मी समोरच राहते. अमेदेआबाई गेल्यापासून बंदच होतं." ती आत आली, पिशवी खाली ठेवली आणि चित्राकडे बघत म्हणाली, "ही कोण होती हो? त्या सांगायच्या, पण मी कधी लक्ष दिलं नाही. रोजचंच असतं ना ते."

डेल्फिनाच्या जिभेवर अडतीस वर्षांची गोष्ट तयार होती. थंडीचे दिवस, दोर वळणारा, लवीनिया. इथे कोणाला काय कळणार होतं? तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याच्यानं ते निघालं नाही.

"कोण होती ते माहीत नाही," नोर्मा म्हणाली. "पण कशी काढली ते दाखवते. या, अशा जवळ या. आणखी जवळ. चावत नाही ती."

आणि तिनं दाखवलं. पिशवीतल्या भाजीच्या कागदाला केसातल्या पिनेनं भोकं पाडली, कागद स्वतःच्या तळहातावर धरला. नार्नीची सांगितली, अमेलियाची सांगितली, बेवान्याची सांगितली. एर्सिलियाचे अश्रू, क्विंतोचं ऊन, लवीनियाच्या देवी, सगळं सांगितलं आणि एकीलाही खोटं म्हटलं नाही. ती बाई ठिपक्यांच्या मागोमाग नजर फिरवत हनुवटीवरून पदरावर, पदरावरून बाळाच्या पायावर गेली. प्रश्न विचारत राहिली. करंगळी मुडपलेली का? कागद फाटला तर? नवा काढायचा की तोच सांधायचा? मुलगी खरी होती की त्यानं मनानंच काढली? पाऊण तास झाला. डेल्फिना बाकावरून बघत होती. तिच्याकडे आलेला पाहुणा दहा मिनिटंही थांबल्याचं तिला आठवेना. ती उत्तर आधीच देऊन टाकायची, मग ते बघणार कशाला?

परतीच्या वाटेवर वितेर्बोला बस बदलताना डेल्फिनानं एकदाच विचारलं, "मग माझं नाक?"

"तुमचं आहे," नोर्मा म्हणाली. "आणखी कुणाचं असणार? चांगलं आहे. मला पहिल्या दिवसापासून आवडतं. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही आधीच फार वर करून चालायचात."

सहा दिवसांनी घरी पोहोचल्या. उबाल्दो खिडकीतच उभा होता, आणि फादर एर्मान्नो कागद-पेन घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. पितळवाला थांबायला तयार नव्हता.

डेल्फिनानं कोट न काढताच सांगायला सुरुवात केली. "पहिली ओळ चर्चचं नाव. दुसरी लिहा. हा चेहरा टोचलेल्या कागदावरून काढला आहे. त्याच कागदाचे चेहरे नार्नी, अमेलिया आणि तुस्कानिया इथेही आहेत. मुलगी कोण होती ते ठाऊक नाही."

"डोकं फिरलं का तुझं?" उबाल्दो म्हणाला. "पाच पिढ्या. पाच पिढ्या आपल्या घरानं हे सांभाळलंय."

"सांभाळलं ते खरं. आपलं होतं, ते खरं नव्हतं."

"गावात तोंड कसं दाखवू मी? कॉफीच्या दुकानात काय सांगू?"

"जाऊन बघून या म्हणावं. बस रविवारी नसते तेवढं सांग."

फादरनी खाली मान घालून लिहून घेतलं. त्यांना हसू येत होतं की काय कोण जाणे. "आणि तिसरी ओळ? किल्ली सांतोक्की यांच्या घरी, असं घालू ना?"

उबाल्दोनं मान वर केली. निदान तेवढं तरी.

"घराचं नको, माणसाचं नाव घाला," डेल्फिना म्हणाली. "घर घंटा ऐकून खाली येत नाही. तुस्कानियात बघून आले मी, नुसतं घर राहिलं की काय होतं ते. लिहा, नोर्मा फेलिचेत्ती."

फेलिचेत्ती हे नोर्माचं माहेरचं नाव. आमच्याकडे बाई लग्नानंतरही तेच नाव लावते. पण त्या स्वयंपाकघरात ते गेल्या एक्केचाळीस वर्षांत विजेच्या बिलाखेरीज कशावर दिसलं नव्हतं. चुलीपाशी उभ्या नोर्मानं वळून पाहिलं. तिच्या हातात अर्धा चिरलेला कांदा होता.

"वन्सं, असं करू नका. लोक काय म्हणतील? मी बा..." ती बोलता बोलता थांबली.

डेल्फिनानं खिळ्यावरून किल्ली काढली आणि तिच्यासमोर धरली. नोर्मानं कांदा ठेवला. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग दोन्ही हातांनी किल्ली घेतली. डोळे भरून आले ते कांद्यानं असं म्हणायची सोय होती, पण ती तसं म्हणाली नाही.

किल्ली उलटीसुलटी करत तिनं विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवायची हो?"

फादरचं पेन थांबलं. उबाल्दोनं बायकोकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"डावीकडे. दोनदा," डेल्फिना म्हणाली. "आणि दार जरा उचलून धर. चल, दाखवते."